नूरचाचांची डाळ आणि नानांची भिंत

आमच्या घरी पाहुण्याला चहा उशिरा मिळतो, कारण आधी नाना त्याला नाल्यावर घेऊन जातात. नाना म्हणजे माझे सासरे, सुपडू पाटील. नाल्यात वाळू आहे, काठाला चार बाभळी आहेत आणि बहुतेक वेळा कुणाची तरी शेळी असते. नाना वाळूच्या मधोमध उभे राहतात, काठीने पायाखाली ठोकतात आणि म्हणतात, "आठे मनी भीत शे."

पाहुणा खाली बघतो, आजूबाजूला बघतो आणि शेवटी माझा नवरा स्वप्नील याच्याकडे बघतो. म्हातारा ठीक आहे ना, असं त्याला विचारायचं असतं.

नाना अगदी ठीक आहेत आणि भिंतही आहे, फक्त ती जमिनीखाली आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी नाल्यात आडवा चर खणला, काळा पाषाण लागेपर्यंत, बारा फूट. त्यात प्लास्टिकचा जाड कागद उभा लावला, काळी चिकणमाती ठोकून भरली आणि वर पुन्हा वाळू लोटली. सरकारी भाषेत याला भूमिगत बंधारा म्हणतात. जमिनीखालून निघून जाणारं पाणी या भिंतीशी अडतं आणि मागे साचतं. आमची विहीर तेव्हापासून भर मे महिन्यातही अर्धी असते. नानांनी आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण विचारलं तर ते एवढंच सांगतात.

मी धरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यामुळे पुढे माझी फजिती जरा मोठी दिसते.

नानांचे जुने दोस्त नूर महंमद, आमचे नूरचाचा, आमच्याच वस्तीत चार घरं सोडून राहतात. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं नमुने शिजवले. मिलमध्ये माल आला की प्रत्येक लॉटमधली मूठभर डाळ त्यांच्याकडे यायची. लहान पातेली, ओळीने मांडलेल्या शेगड्या आणि भिंतीवर घड्याळ. दर मिनिटाला एक दाणा काढायचा आणि चिमटीत दाबायचा. दाणा विरघळला की घड्याळ बघायचं. चाचांनी तीस मिनिटं म्हटलं की ती तीसच असायची, आणि व्यापारी त्यावर माल उचलायचे. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, तरी गावात कुणाच्याही घरी कार्य असलं की डाळ चाचाच निवडून आणतात.

दिवाळीनंतर आमच्या डिंपलचा, म्हणजे माझ्या नणंदेचा साखरपुडा झाला. मुलाकडची माणसं नरडाण्याची. तीनशे पान होतं आणि बेत अर्थातच वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. चाचा स्वतः जळगावला गेले, जुन्या मिलच्या नमुना-खोलीत बसून डाळ शिजवून बघितली, "एकतीस मिनिटं" म्हणून पसंत केली आणि पोतं रिक्षातून मांडीशी धरून आणलं. आचाऱ्याला त्यांनी एकच ताकीद दिली. डाळीत सोडा घालायचा नाही. माझ्या डाळीत सोडा पडला तर मी पंगतीला बसणार नाही, असं म्हणाले.

डाळ चुलीवर चढली. तास झाला, दीड तास झाला. आचारी घामाघूम झाला आणि डाळ मात्र गारगोटीसारखी कढईत नुसती फिरत राहिली. इकडे नाना पाहुण्यांना नाल्यावर नेऊन, वाळू दाखवून परतही आले. शेवटी पंगत बसवावी लागली. मुलाचे मोठे काका सुकदेव आबा तसे साधे गृहस्थ, पण ऐकायला कमी येत असल्यामुळे त्यांचं हळू बोलणं सगळ्या मांडवाला ऐकू जातं. त्यांनी पहिला घास घेतला आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "ही दाय शे का खडा?"

मांडव हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण मग चाचांकडे नजर गेली. ते हातातलं तुपाचं भांडं तसंच धरून उभे होते. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि मांडवाच्या मागच्या बाजूने घरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी नाना त्यांच्या ओट्यावर गेले, मीही सोबत होते. लग्न फाल्गुनात ठरलं होतं. नानांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "नूरभाई, लगननी दाय आम्ही दुसरीकडथून लेसूत."

चाचांनी मान हलवली. बरोबर आहे म्हणाले. एकतीस वर्षं लोकांनी ज्यांच्या चिमटीवर विश्वास ठेवला, त्यांना आता स्वतःच्याच बोटांचा भरवसा वाटेना. मला फार वाईट वाटलं, आणि नानांचा रागही आला. पण नानांचंही चुकत नव्हतं. पोरीच्या लग्नात पुन्हा तसंच झालं असतं तर नरडाण्याची माणसं जन्मभर बोलली असती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चाचा उरलेल्या डाळीची पिशवी आणि दोन पातेली घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. आपली चूक नेमकी कुठे झाली ते बघितल्याशिवाय आपल्याला जेवण जाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आमच्या नळाचं, म्हणजे विहिरीचं पाणी घेतलं, डाळ गॅसवर ठेवली आणि घड्याळ समोर मांडलं. माझ्या सासूबाई भिकुबाई तिथेच भाजी निवडत होत्या. दहा मिनिटांनी त्या उठल्या, डब्यात हात घातला आणि बोलता बोलता पातेल्यात चिमूटभर काहीतरी टाकलं.

चाचांनी विचारलं, ते काय होतं. सोडा, सासूबाई म्हणाल्या, जणू मीठच टाकलं होतं. चाचांनी पातेलं उतरवून ठेवलं. मग सासूबाईंनी सांगितलं की गेली तीन वर्षं सोड्याशिवाय आमच्या घरात डाळ शिजतच नाही. हल्लीचं बियाणंच तसलं, डाळीत दम नाही, सगळ्या वस्तीतल्या बायका सोडा घालतात. वच्छलाबाई घालते, सरपंचाची सून घालते, तुमची ताजबीही घालते.

चाचा उठले आणि तडक घरी गेले. मी मागोमाग, कारण असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. ताजबीचाची अंगणात वाळवण पसरत होत्या. आपण तीन वर्षं आपल्याच घरात सोड्याची डाळ खातो आहोत का, असं त्यांनी विचारलं. चाचींनी वर न बघताच सांगितलं की हो, आणि रोज दोनदा मागून खाता.

मी पोट धरून हसले. चाचा हसले नाहीत. ते ओट्यावर बसले, बोटांकडे बघत राहिले, आणि मग एकदम म्हणाले, "बेटा, सगळ्या घरांत डाळ वेगळी. मग सगळीकडे सारखं खराब काय आहे?"

इथे माझी फजिती. मुलांना दर वर्षी कठीण पाणी आणि मृदू पाणी मी शिकवते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, परीक्षेत दोन गुणांना येतं. आणि माझ्या घरी तीन वर्षं सोडा पडतो आहे हे मला ठाऊक नव्हतं, कारण डाळ सासूबाई करतात आणि प्यायला आम्ही सगळे जारचं पाणी विकत घेतो. चाचांचीही तीच गत. मिलमध्ये त्यांनी हजारो नमुने तपासले, पण पाणी कायम एकाच टाकीचं. त्यामुळे पाणी म्हणून काही तपासायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्याच डाळीची एक मूठ आम्ही जारच्या पाण्यात शिजवली. तेहेतिसाव्या मिनिटाला चाचांनी दाणा दाबला आणि बोटं माझ्यापुढे धरली. बोटांवर फक्त ओल होती. विहिरीच्या पाण्यात सोड्याशिवाय पुन्हा चढवलेला दाणा सव्वा तासानेही टणक होता. चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. निम्मं वय एकदम उतरल्यासारखे ते सरळ बसले. पण घाईने जाऊन नानांना सांगायला तयार होईनात. एका पाण्यावरून माल पास करत नाहीत, म्हणाले. सगळ्या विहिरी बघू.

पुढचे दोन रविवार आम्ही गावभर फिरलो. मी बाटल्या भरायच्या, वर विहिरीवाल्याचं नाव लिहायचं, आणि चाचांनी त्यांच्या ओट्यावर पातेली मांडायची. कुणी दाणा चाखायचा नाही, फक्त दाबायचा, हे मी बजावलं होतं. चौदा विहिरी झाल्या. लोक विचारायचे, काय चाललंय, आणि चाची सांगायच्या की यांना पुन्हा नोकरी लागली. मी शाळेतल्या आलेखाच्या कागदावर गावाचा नकाशा काढला आणि प्रत्येक विहिरीपुढे मिनिटं लिहीत गेले.

गावाच्या वरच्या अंगाला मुरुमाची जुनी खाण आहे. पाच वर्षांपासून एक ठेकेदार कुठकुठल्या वस्त्यांचा कचरा ट्रॅक्टरने आणून तिच्यात ओततो. तिथून सर्वांत जवळच्या विहिरीत डाळ दोन तासांनीही जशीच्या तशी. त्याखालच्या विहिरींचंही तेच. पूर्वेकडच्या उंचवट्यावरच्या विहिरी मात्र चांगल्या. म्हणजे खाणीतल्या कचऱ्यातून झिरपलेलं पाणी उताराने आमच्याकडे येत होतं, हे माझ्या लक्षात आलं. आमच्या विहिरीपुढे मी 'सव्वा तास, तरी टणक' असं लिहिलं. त्याच्याही खालची विहीर पितांबरकाकांची. ती आणखी थोडी बरी असेल, असा माझा अंदाज होता.

पितांबरकाका आमचे नाल्यापलीकडचे शेजारी आणि नानांशी नऊ वर्षं भांडत आलेले. तुमच्या भिंतीने माझं पाणी अडवलं, ती फोडा, असं ते दर उन्हाळ्यात सांगतात, आणि दर उन्हाळ्यात नाना त्यांना ऐकू आलं नाही असं दाखवतात. त्यांच्या विहिरीत पाणी थोडं असतं. ते थोडं पाणी आम्ही पातेल्यात घातलं. बत्तिसाव्या मिनिटाला डाळ लोण्यासारखी झाली.

आमची विहीर आणि त्यांची विहीर यांत साठ पावलं. सव्वा तास आणि बत्तीस मिनिटं. मी कागदावर दोन्हींच्या मधून पेन्सिल ओढली आणि मला कळलं की मी नानांची भिंत काढली आहे.

नानांनी अडवलेलं पाणी कुठलं होतं, ते आता उघड झालं. खाणीची घाण वाहत वाहत आली, भिंतीशी थांबली आणि आमच्याच विहिरीत साचली. मी कागद घेऊन उठले, तर चाचांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

"बेटा, माझी डाळ शिजली नाही, असंच राहू दे," ते म्हणाले. "त्या भिंतीशिवाय सुपडूभाऊकडे दाखवायला दुसरं काय आहे?"

मी भांडले. तुमचं नाव जातंय, म्हटलं, आणि गावाच्या पोटात काय जातंय त्याचं काय. खाणीवर अर्ज मी करीनच, पण भिंतीचं नाव न घेता करीन, अशी तोड निघाली. चाचांना तेवढ्यानेही बरं वाटलं. मला मात्र रडू येत होतं आणि त्यांचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

पण त्या दिवशीची पातेली तशीच ओट्यावर ओळीने मांडलेली होती, विहिरींच्या क्रमाने, चिठ्ठ्या लावलेली. संध्याकाळी नाना चाचांकडे गप्पांना आले. चाचा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला आत गेले होते. नानांनी वेळ जावा म्हणून पहिल्या पातेल्यातला दाणा दाबला. मग दुसऱ्यातला. असं करत ते शेवटच्या पातेल्यापर्यंत गेले. आमची चिठ्ठी वाचली, पितांबरकाकांची वाचली, दोन्ही दाणे पुन्हा एकदा दाबले. नानांची शाळा चौथीपर्यंतची आहे, पण जमिनीखालचं पाणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते तसेच घरी आले आणि जेवले नाहीत.

सकाळी आठ वाजता नाल्यात जेसीबी उभा होता. नाना काठी रोवून चालकाला जागा दाखवत होते. स्वप्नील त्यांची समजूत काढत होता आणि ते ऐकत नव्हते. चाचा धावत आले, मी धावत गेले, निम्मी वस्ती जमली. नानांचा आवाज फुटत होता.

"नऊ वरीस मी पानी नही, घाण आडाई," ते म्हणाले. "फोड रे."

जेसीबीचा हात वर उचलला गेला आणि पलीकडच्या काठावरून पितांबरकाका लुंगी सावरत खाली उतरले. आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः ओट्यावर येऊन आपल्या पाण्याची डाळ दाबून बघितली होती आणि वस्तीभर मिरवलं होतं. ते सरळ यंत्रापुढे वाळूत बसले.

"आडाई म्हनीसनच मना घरनी दाय शिजस," ते म्हणाले. "नाना, भीतले हात लावू नका."

नऊ वर्षं भिंत फोडा म्हणणारा माणूस भिंतीवर बसला होता आणि बांधणारा फोडायला निघाला होता. चालकाने यंत्र बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. नाना शेवटी हसले, पण डोळे पुसत. चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुला आधीच माहीत होतं का, असं नानांनी विचारलं. चाचा शेळीकडे बघत राहिले. नानांना काय समजायचं ते समजलं.

पुढचं काम मात्र कंटाळवाणं होतं आणि ते मीच केलं. पाण्याचे नमुने जळगावच्या प्रयोगशाळेत दिले. आकडे आले ते चाचांच्या मिनिटांशी ओळीने जुळले. कागद, नकाशा, फोटो जोडून अर्जावर अर्ज केले आणि बाराव्या अर्जानंतर जळगावहून भूजलाचं काम बघणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी नानांसोबत वाळूत उभं राहून सगळं ऐकून घेतलं, आणि पायाखालची भिंत दिसत नाही म्हणून त्या जराही गोंधळल्या नाहीत. नाना तेवढ्यावरच खूश. बाई म्हणाल्या, भिंत अजिबात फोडू नका. ती आहे म्हणून खालची विहीर वाचली. पण नुसती भिंत ठेवूनही भागणार नाही. मागे पाणी चढत राहिलं तर घाण कडेने वाट काढील. म्हणून आमच्या विहिरीवर पंप लावून ते पाणी सतत उपसायचं आणि खाणीजवळ प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर घातलेल्या तळ्यात नेऊन शुद्ध करायचं. खाणीत कचरा टाकणं बंद, आणि जुन्या ढिगावर झाकण, म्हणजे पावसाचं पाणी त्यातून झिरपणार नाही.

हे सगळं माघात सुरू झालं. विहिरी स्वच्छ व्हायला काही वर्षं लागतील, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. तोवर वस्तीला स्वयंपाकापुरतं पाणी पितांबरकाकांच्या विहिरीतून येतं. पहिली बादली भरताना काकांनी सगळ्या बायकांना बजावलं की या पाण्यात सोडा घातला तर नळ बंद करीन.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी नाना पुन्हा चाचांच्या ओट्यावर गेले. यावेळी घसा साफ केला नाही. डाळ तू आणायची, म्हणाले, आणि मी तुझ्यासोबत जळगावला येणार. दोघे म्हातारे रिक्षाने गेले. चाचांनी पाण्याची बाटली इथून भरून नेली होती, पितांबरकाकांच्या विहिरीची. मिलमधल्या पोरांना वाटलं चाचांना आता मिलचं पाणी चालत नाही. एकतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा करतोय, असं चाचांनी त्यांना सांगितलं.

लग्नात चारशे पान होतं. डाळ चढली तेव्हा चाचा कढईपाशी घड्याळ घेऊन उभे राहिले, आणि आम्ही सगळे काहीतरी काम असल्यासारखे तिथेच घोटाळत राहिलो. चौतिसाव्या मिनिटाला त्यांनी दाणा काढला, पण स्वतः दाबला नाही. नानांच्या हातावर ठेवला. नानांनी दाबला, बोटं उघडली, आणि तिथे काहीच उरलं नव्हतं. नानांनी ती रिकामी चिमूट चाचांना दाखवली.

पंगतीत सुकदेव आबांनी तिसऱ्यांदा वरण मागितलं आणि शेजारच्याला हळूच, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं की ही डाळ कुठली. वाढायला चाचाच होते. त्यांनी तोंड उघडण्याआधी नाना पुढे झाले.

"दाय नूरभाईनी," नाना म्हणाले, "पानी पितांबरनं, आन् भीत मनी. जेवा, मंग दखाडस."